विचारपूस संपवायची कशी?

तीर्थरूप मावशीच्या पायांवर, पाठीतली उसण परवानगी देईल तितकं वाकून, भोंग्याचा नमस्कार.

पत्र पाहून दचकू नकोस. इकडे सगळे बरे आहेत, कोणी आजारी नाही, कोणाचं लग्न ठरलेलं नाही आणि कोणाचं मोडलेलंही नाही. (पाकिटावरचं अक्षर पाहून तू ते आधी उजेडात धरलं असशील, मग काकांना "उघडू का?" म्हणून विचारलं असशील आणि काकांनी ऐकू न आल्यासारखं केलं असेल, हे मला इथे बसून दिसतंय.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो तो डावा की उजवा हे मी दरवेळी विसरतो, तेव्हा दोन्हींची चौकशी केली असं समज. काकांचा कान कसा आहे? की अजूनही तू बोलतेस तेवढंच फक्त ऐकू येत नाही? कुंडीतल्या लिंबाला यंदा तरी काही धरलं, की नुसतीच पानं आणि काटे? माझं विचारशील तर प्रकृती ठणठणीत, फक्त घसा पार बसलाय. पाळण्यातल्या ज्या पोराचं रडणं ऐकून तू त्याचं नाव भोंग्या ठेवलंस, तोच आता तिसरीच्या वर्गासमोर उभा राहून कोंबडीच्या पिल्लासारखा चिवचिवतो. केलं तसं भरतोय.

आई बरी आहे. तिने तुला काहीही सांगायला सांगितलेलं नाही. मी हे पत्र लिहितोय हेही तिला ठाऊक नाही. मी वह्या तपासतोय असं तिला वाटतंय, म्हणून मधूनमधून मी लाल पेनाने हवेत एक बरोबरची खूण काढतो. तुम्हा दोघींचं बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली ते मोजायचं मी सोडून दिलंय. ज्या पडद्यांवरून ते बंद झालं ते अजून बैठकीच्या खोलीत लटकताहेत. आम्ही नव्या घरात राहायला आलो त्या दिवशी तू दारातच थबकलीस आणि म्हणालीस, "काय गं, घरात पाणी भरतं की काय? पडदे वर खोचलेत ते!" सगळे खो खो हसले. ते पडदे आईने मान मोडेपर्यंत बसून स्वतः शिवले होते, हे हसणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं. (मीही हसलो होतो. माझं कोणी नाव घेत नाही हे बरं आहे.) तेव्हापासून ती इकडे, तू तिकडे, आणि मधे मी. असो. त्या भानगडीत मला पडायचंच नाही. दोन मोठ्या माणसांच्या मधे पडून मुस्काट कोण फोडून घेणार? हे पत्र निव्वळ शाळेच्या कामाचं आहे. फोनच केला असता, पण आमच्या घरातला कोणताही नंबर दिसला की तू उचलत नाहीस, आणि दुसऱ्याच्या नंबरावरून फोन करायला मी काय विमा विकतो?

तर शाळेची गोष्ट. आमच्या मोठ्या बाईंच्या (म्हणजे मुख्याध्यापिका, उंचीने त्या माझ्या खांद्याला लागतात, पण आवाजाने छताला) मनात आलं की यंदा वर्षअखेरीच्या कार्यक्रमात प्रत्येक वर्गाने जगाचा एकेक भाग दाखवायचा. चिठ्ठ्या टाकल्या. चित्रकलेच्या बाईंना दक्षिण ध्रुव आला. नशीब बघ! थोडा कापूस, चार पेंग्विन, काम खलास. त्यांना सासूबाई नाहीत, ध्रुवाला संस्कृती नाही, सुखी बाई. माझ्या चिठ्ठीत निघालं, 'आफ्रिका'. मी म्हटलं, आफ्रिकेतलं कुठलं? मोठ्या बाई म्हणाल्या, आफ्रिकेतलं म्हणजे काय, आफ्रिका! आणि तिथल्या तिथे त्यांनी सगळं ठरवूनही टाकलं: मुलांना पानांचे घागरे, तोंडाला रंगीत पट्टे, पत्र्याच्या डब्यांचे ढोल, आणि मागे पुठ्ठ्याचा सिंह. सिंह तयारच होता. मागच्या साली कुठल्याशा नाटुकल्यात तो राजाच्या सिंहासनाचा हात होता, आता त्याला उरलेलं अंग जोडायचं, एवढंच.

मावशी, मला राग आला. मला सहसा येत नाही (आईच्या मते मला यायला हवा तिथेही येत नाही), पण तेव्हा आला. तू त्या भागातल्या एका गावात संसार केलास. काका तिथल्या शेंगदाण्याच्या तेलाच्या गिरणीत यंत्रं सांभाळायचे, तू शेजारणींकडून भाषा शिकलीस, आणि सुट्टीत इकडे आलीस की मला मांडीवर घेऊन तिथल्या गोष्टी सांगायचीस. त्यात एकही बाई पानं नेसून फिरत नव्हती. सगळ्या शिंप्याशी भांडत होत्या. मी मोठ्या बाईंना म्हटलं, घागरे नकोत, मी मुलांना तिथलं काहीतरी खरंखुरं शिकवतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! कारण वर्गात गेल्यावर लक्षात आलं, आपल्याला स्वतःला काय येतं? तर घंटा.

पहिल्या तासाला मी मुलांना विचारलं, आफ्रिका म्हटल्यावर काय आठवतं. सिंह. अजून? दुसरा सिंह. अजून? त्या सिंहांची पिल्लं. मग मी नकाशा टांगला आणि सांगितलं, बाळांनो, हे एक गाव नाही, एक देशही नाही; पन्नासाहून जास्त देश आहेत, हजाराच्या वर भाषा आहेत, मोठमोठी शहरं आहेत, आणि तिथल्या बहुतेक मुलांनी सिंह तुमच्याइतकाच पाहिलाय, म्हणजे चित्रात. वर्ग हिरमुसला. एका क्षणात मी त्यांचे सगळे सिंह काढून घेतले आणि बदल्यात हातात काही दिलं नाही. पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, तिला सगळे शंकेखोर म्हणतात (मीच म्हणायला सुरुवात केली, आता फेडतोय). तिने हात वर केला आणि विचारलं, सर, मग तिथे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे का? मी म्हटलं, उद्या सांगतो. शिक्षकाच्या पेशात या दोन शब्दांवर कित्येकांनी निवृत्तीपर्यंतची मजल मारली आहे.

घरी येऊन मी तुझा तो फोटो शोधायला लागलो. आठवतो? शिंप्याच्या दुकानासमोर तू आणि शिंप्याची बायको उभ्या आहात, मागे भिंतीला टेकलेली सायकल, पायाशी छोटी किटली, आणि तुझ्या कपाळाला ही एवढी आठी. मी माळा पालथा घातला, ट्रंक उपसली, शिंकून शिंकून हैराण झालो. शेवटी तो सापडला आईच्या शिवणाच्या खणात, बटणांच्या डब्याखाली. आता तो तिथे कसा गेला हे मी विचारलं नाही. घरात शांतता हवी असेल तर काही खणांना प्रश्न विचारू नयेत.

दुसऱ्या दिवशी तो फोटो वर्गभर फिरला. कार्ट्यांनी त्यात आधी सिंहच शोधला, सायकलच्या मागे, दुकानाच्या आत, सगळीकडे. मग हळूहळू त्यांना बाकीचं दिसायला लागलं. शिंप्याच्या गळ्यातली टेप आपल्याकडच्यासारखीच आहे की! किटली इतकी छोटी का? आणि सर, या मावशी रागावल्यात का? मी म्हटलं, रागावलेली नाही रे, ती कांदे आणायला निघाली आहे. आणि मी तुझी कांद्यांची गोष्ट सांगितली. सेनेगलमधल्या त्या तुझ्या गावात तू पहिल्यांदा बाजारात गेलीस, 'कांदे कसे दिले' म्हणालीस, आणि कांदेवालीने तुझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू तू तिच्या टोपलीला लाथ मारलीस. मग शिंप्याच्या बायकोने तुला बाजूला घेऊन शिकवलं: आधी माणूस, मग कांदा. आधी विचारायचं, नांगा देफ, म्हणजे कशी आहेस. तिने म्हणायचं, मांगी फी रेक. त्याचा शब्दशः अर्थ 'मी इथेच आहे'. मग विचारायचं, घरची माणसं कुठे आहेत? ती आहेत तिथे. आई? आहे. भाऊ? बहीण? मुलं? कामधंदा? सगळं शांत ना? शांत. आणि मग तिने तुला तेच सगळं विचारायचं. हे झाल्याशिवाय कामाचं बोलणं म्हणजे शुद्ध उद्धटपणा. तू म्हणायचीस की पहिल्या महिन्यात तुला याचा इतका वैताग यायचा की भाजी न आणताच परत यायचीस, आणि इकडे कायमची परत आल्यावर मात्र दुकानदाराने नुसतं "काय पाहिजे?" म्हटलं की तुला रडू यायचं.

मग शंकेखोरने विचारलं, आम्हीपण असं करू? मी म्हटलं, करा की. मावशी, हेच ते. इथेच माझी बुद्धी शेण खायला गेली.

पहिले दोन-तीन दिवस मी नुसता फुललो होतो. मुलं एकमेकांच्या घरच्यांची नावानिशी चौकशी करत होती. ज्या पोराशी कोणी बोलत नव्हतं त्याला आजोबा आहेत, आणि आजोबांना घोरण्याबद्दल शेजाऱ्यांनी चिठ्ठी पाठवली आहे, हे सगळ्या वर्गाला कळलं आणि तो पोरगा एकदम मानाचा झाला. मी मनात म्हटलं, वा रे गुरुजी! पण मग हजेरी घ्यायला लागलो. नाव पुकारलं की पोरगं "हजर" म्हणेना. ते उभं राहून आधी माझी विचारपूस करी, मग माझ्या आईची, मग माझ्या घशाची. आणि मी उत्तर देऊन उलट विचारलं नाही तर सगळा वर्ग 'हाऽऽ' करून तोंडावर हात ठेवी. हजेरी संपायच्या आत गणिताचा तास संपायचा. (मुलांना गणिताचं दुःख झाल्याचं कुठे दिसलं नाही.)

वर्गातून ती साथ फाटकापर्यंत गेली. फाटकावरच्या काकांना आजवर कोणी 'गेट उघडा' याखेरीज काही बोललेलं नव्हतं. त्यांना सकाळी अख्ख्या तिसरीने ओळीने विचारलं, कसे आहात, घरची माणसं कुठे आहेत, आणि त्या भल्या माणसाने प्रत्येकाला खुलासेवार उत्तर दिलं. सुनेची बदली, जावयाची नवी दुचाकी, स्वतःची दाढ. रांग वळण घेऊन रस्त्यावर गेली, पाचवीची पोरं भिंतीवरून उड्या मारून आत आली, आणि घंटा वाजवायची ती वाजलीच नाही, कारण ती वाजवायचं कामही काकांकडेच आहे. कचेरीतल्या कारकुनाकडे एक मुलगी खडू मागायला गेली आणि मधली सुट्टी संपली तरी परत येईना. जाऊन बघतो तर कारकून डोळे पुसतोय आणि ती त्याला त्याच्या भावाबद्दल विचारतेय. खडू मागायचे राहिलेच.

आणि मग कळस झाला. मोठ्या बाई एक तातडीची सूचना घेऊन वर्गात आल्या: उद्या टाकी धुणार, शाळेत पाण्याचा थेंब नसेल, सर्वांनी घरून बाटली आणावी. एवढं एकच वाक्य. पण त्या दारात आल्या आणि वर्ग ताडकन उभा राहिला. मोठ्या बाई, कशा आहात? त्या म्हणाल्या, बरी आहे, ऐका, उद्या... घरची माणसं कुठे आहेत? घरी आहेत, तर उद्या... सासूबाई? इथे त्या अडखळल्या. मावशी, मी या बाईंना कधीही अडखळताना पाहिलेलं नाही. तपासणीला आलेले साहेबसुद्धा यांच्यासमोर बूट काढून बसतात. त्या हळूच माझ्या खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, सासूबाईंना आताशा कोणी ओळखू येत नाही, मलाही नाही, पण माझ्या हातचा चहा मात्र बरोबर ओळखतात. वर्ग म्हणाला, शांत आहेत ना? त्या म्हणाल्या, हो रे, तशा शांत आहेत. मग वडील, मग मुलगा, मग नवऱ्याचा रक्तदाब. तास संपला. त्या उठल्या, डोळ्यांना रुमाल लावला, एका पोराच्या डोक्यावरून हात फिरवला आणि निघून गेल्या. सूचना त्यांच्या मुठीतच राहिली.

दुसऱ्या दिवशी सगळ्या शाळेकडे पाणी होतं आणि तिसरीकडे नव्हतं. वर तोच नेमका खेळाचा तास. पुढचं वर्णन करत नाही. पालकांनी केलेलं वर्णन पुष्कळ झालं.

मोठ्या बाईंनी मला बोलावलं. (दार लावून घेतलं म्हणजे रागावणार; उघडं ठेवलं म्हणजे फार रागावणार. उघडं होतं.) त्यांचा मुद्दा सरळ होता. चांगलं आहे, मलाही आवडलं, पण हे संपतं कुठे? कार्यक्रमाला पाहुणे येणार, त्या प्रत्येकाला पन्नास मुलं आजीपासून विचारत बसली तर पडदा उघडायचा कधी? तेव्हा एकतर मुलांना हे नीट संपवायला शिकवा, नाहीतर पानांचे घागरे. सिंहाचं उरलेलं अंग रंगवून झालंय.

आता माझी गोची लक्षात आली का? तू मला विचारपूस सुरू कशी होते ते सांगितलंस, मधलं सगळं सांगितलंस, पण ती संपते कशी ते कधी सांगितलंच नाहीस! किंवा सांगितलं असशील, पण तोवर मी तुझ्या मांडीवर झोपलेला असणार. आधी माझं मीच ठरवलं. वर्गात सांगून टाकलं की दोघांनी टाळी द्यायची, संपलं. शंकेखोरने हात वर केला. सर, हे तुमच्या मावशींनी सांगितलं? खोटं बोलता येईना. म्हटलं, नाही. मग त्यांना विचारा ना. म्हटलं, ती दुसऱ्या गावी असते. मग फोन करा. म्हटलं, ती उचलत नाही. का? आता हिला पडदे कसे समजावून सांगू? मी म्हटलं, फळ्यावरचं उतरवून घ्या. फळा कोरा होता.

प्रकरण तेवढ्यावर थांबलं असतं तरी मी तुला त्रास दिला नसता. पण गेल्या रविवारी शंकेखोर आणि तिची टोळी पुठ्ठे द्यायला आमच्या घरी आली. मी खाली दुकानात गेलो होतो. दार आईने उघडलं. मी जिन्यात पोचलो तेव्हा उलटतपासणी सुरू होती, आणि तुला माहीत आहे, आईला कोणी प्रेमाने काही विचारलं की ती शाळेतल्यासारखी ताठ उभी राहून उत्तर देते. कशा आहात? बरी आहे. घरची माणसं? मुलगा दुकानात गेलाय. भाऊ? भाऊ नाही. बहीण? आई म्हणाली, बरी आहे.

शंकेखोर म्हणाली, त्यांनी सांगितलं?

आईने नकारार्थी मान हलवली.

मग तुम्हाला कसं कळलं?

मी जिन्यात पुतळा होऊन उभा. वर जावं तर पंचाईत, खाली जावं तर पुठ्ठे घेऊन येणारी दुसरी टोळी. आई वळून आत गेली, बऱ्याच वेळाने बिस्किटांचा डबा घेऊन आली, आणि एकेकाच्या हातावर दोन-दोन बिस्किटं ठेवली. तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला होता. पोरांनी बिस्किटं खाल्ली, तिच्या आईची, आजीची, शिवणयंत्राची विचारपूस केली आणि गेली.

संध्याकाळी मी बसलो होतो तिथे ती आली आणि मला न विचारता पुठ्ठ्यांवरचा तुझा फोटो उचलला. खिडकीपाशी नेला. चष्मा वर-खाली केला. मग माझ्याकडे न बघता (म्हणजे त्या आखूड पडद्याकडे बघून) म्हणाली, हा अंगातला झगा माझ्या हातचा. मी शिवून पाठवला होता. बाही बघ. केवढी आखूड झालीय, कोपराच्याही वर. मापात चुकले मी. हिने परदेशात तो घालून चारचौघांत फोटो काढला, आणि मला एका शब्दाने बोलली नाही.

मग आत जाऊन भांडी घासायला लागली. ती घासलेलीच होती.

मला तुझी फार आठवण आली मावशी. हे आपलं सहज. शाळेच्या कामाशी याचा काही संबंध नाही.

तर आता थांबतो. काकांना नमस्कार (मोठ्याने सांग). गुडघ्याला जप. चुकलंमाकलं पोटात घाल. मुलांची एवढी एक अडचण सोडव, म्हणजे माझा सिंह पुठ्ठ्यात आणि घागरे झाडावर राहतील.

तुझा,
सध्या आवाज नसलेला
भोंग्या

ता. क. – मुद्द्याचा प्रश्न पुन्हा लिहितो, कारण तू पत्राचा शेवटच आधी वाचतेस: ती विचारपूस संपवायची कशी? एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

ता. क. दुसरा – ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? एका ओळीत कळवलंस तर चालणार नाही. कार्यक्रम पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे आणि प्रमुख पाहुणी म्हणून मी तुझं नाव देऊन मोकळा झालोय. मोठ्या बाईंनी ते फळ्यावर रंगीत खडूने लिहिलंय आणि भोवती वेल काढलीय. नाही म्हणालीस तर तिसरीच्या सगळ्या मुलांची तोंडं तुझ्या डोळ्यांसमोर आण. शंकेखोरचं तर आणच, कारण तू आली नाहीस तर ती तुझ्या घरी येईल. उतरायची सोय आमच्याकडेच, दुसरीकडे कुठे पाहू नकोस.

ता. क. तिसरा – आईचं मन मी हळूहळू वळवतो. तिला यातलं अजून काहीच माहीत नाही. मात्र काल शाळेतून आलो तर बैठकीच्या खोलीतले पडदे काढलेले होते, आणि ती दुमड उसवून कापड खाली सोडत बसली होती. मी काही बोललो नाही. तूही बोलू नकोस. एवढं करूनही ते दोन बोटं वरच राहिलेत.

ता. क. चौथा, माझ्या हातचा – याला वाटतं मी आंधळी आहे. वह्या तपासताना कोणी हसतं का? हा शाळेत गेल्यावर टेबलावर सापडलं, वाचलं. यातलं निम्मं खोटं आहे. मी आत रडायला गेले नव्हते, बिस्किटांच्या डब्याचं झाकण अडकलं होतं. पडदे दोन बोटं नाही, एकच बोट वर आहेत. आणि विचारपूस कशी संपते ते मला चांगलं ठाऊक आहे. तू तिथून पहिल्यांदा आलीस तेव्हा गच्चीवर बसून मला सगळी म्हणून दाखवली होतीस. पण मी याला सांगणार नाही. सांगितलं तर तू कशाला येशील?

गुडघा कसा आहे? डावा. घरची माणसं कुठे आहेत? लिंबाला काही धरलं का? सगळं शांत ना? आता तू मला विचारायचंस, पण पत्रातून नाही, दारात उभी राहून. पडद्यांबद्दल काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन. माझं उत्तर आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे वाटेत तुला काळजी नको: मी इथेच आहे.